फोनवरचा समुपदेशक की समोर बसलेला?
रात्री दोन वाजता छाती धडधडतेय आणि घरात कुणाला उठवायचं नाही, तेव्हा १४४१६ लावावा. हा टेली-मानसचा नंबर; फोनवरून मानसिक आधार देणारी ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. फुकट, चोवीस तास, मराठीतही. तेवढ्यापुरता धीर मिळतो, पुढे कुठे जायचं तेही कळतं.

पण ‘मी कशाच्याच लायकीची नाही’ हे वर्षानुवर्षं मनात मुरलेलं असेल, नवऱ्याशी रोज खटके उडत असतील, तर समोरासमोर बसणंच बरं. आठवड्याला पाऊणएक तास, माणूस तोच, मागच्या वेळचा धागा पकडून पुढे. (माझ्या पहिल्या दोन भेटी नुसत्या रडण्यात गेल्या.) फी खिशाला लागते, हे खरं. सूर जुळला नाही तर समुपदेशक बदलावा, त्यात संकोच कसला? औषधं लागली तर मात्र समुपदेशक पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.