ब्रॉकनहर्स्टला सायकल भाड्याने घेऊन न्यू फॉरेस्ट फिरणं: आमचा अनुभव

इंग्लंडच्या खेड्यापाड्यात सायकलवर निवांत फिरायचं असेल आणि स्वतःची सायकल नसेल, तर दक्षिण इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट जंगलातल्या ब्रॉकनहर्स्ट गावी जाऊन भाड्याने घ्या, माझं सरळ म्हणणं हेच आहे. लंडन वॉटरलूहून थेट ट्रेन आहे, साधारण दीड तास लागतो, आणि उतरल्यावर पुढे बस-टॅक्सी काही शोधावं लागत नाही, सायकल घेतली की थोड्याच वेळात तुम्ही जंगलात. आम्ही चौघं होतो, मी, बायको, सात वर्षांचा मुलगा आणि इथे आमच्याकडे राहायला आलेली माझी आई, आणि चौघांनाही झेपेल अशी जागा हवी होती, म्हणून डोंगराळ भाग आधीच बाद केले. न्यू फॉरेस्ट बराचसा सपाट आहे, चढ आहेत पण छाती फुटेल असे नाहीत.

आता दुकानाबद्दल, कारण खरा फरक तिथेच पडला. आम्ही ज्यांच्याकडून सायकली घेतल्या त्या माणसाने पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त सीटची उंची आणि ब्रेक यावर घालवली, प्रत्येकाला बसवून, दोन चकरा मारायला लावून, मग परत सीट खालीवर करून. आईने बऱ्याच वर्षांनी हँडल हातात धरलं होतं, तिला ई-बाईक दिली, मधला दांडा नसलेली, म्हणजे साडी नाही पण सलवार-कमीजवर सुद्धा नीट चढता येईल अशी. इकडच्या नियमाप्रमाणे ई-बाईकची मोटर २५० वॉटची असते आणि ताशी १५.५ मैलांच्या वर ती मदत करणं बंद करते, त्यामुळे सायकल आपल्याला ओढत नेईल की काय ही भीती नको, पायडल मारलं तरच चालते. आईला सुरुवातीला धाकधूक होती, पण गावाबाहेर पडेपर्यंत ती आमच्या पुढे होती!

हेल्मेट, कुलूप, पंक्चरचं सामान आणि मॅप भाड्यातच होतं. मुलासाठी मागे जोडायची अर्धी सायकल असते ना, एक चाकवाली, ती घेतली, म्हणजे तो दमला तरी आपण ओढू शकतो. हाफ डे आणि फुल डे च्या भाड्यात आम्हाला फार फरक दिसला नाही, म्हणून फुल डेच घ्या, घड्याळ बघत फिरण्यात मजा नाही.

मॅपबद्दल थोडं सविस्तर लिहितो. जंगलात सायकलसाठी १०० मैलांहून जास्त खडीचे ट्रॅक आखून दिलेत, आणि जिथे ट्रॅक फुटतो तिथे एक छोटा लाकडी खांब असतो ज्याच्यावर नंबर. मॅपवर तेच नंबर. म्हणजे मोबाईलला रेंज नसली तरी (आणि बऱ्याच ठिकाणी नसतेच) पुढचा नंबर शोधत गेलं की झालं. मुलाला आम्ही हेच काम दिलं होतं, तो दिवसभर नंबर ओरडून सांगत होता. मॅपची छपाई मात्र बारीक आहे, आईला चष्म्यातूनही वाचता येईना, तेवढं मोठं करायला हवं त्यांनी. आणि एक लक्षात ठेवा, आखलेला ट्रॅक सोडून हीथच्या (बुटक्या झुडपांच्या) मोकळ्या माळावर सायकल घालायला परवानगी नाही, कारण मार्च ते जुलै तिथे पक्षी जमिनीवरच घरटी करतात आणि एरवीही ती जमीन नाजूक असते.

आमचा रूट असा होता, गावातून ऱ्हाइनफील्ड, तिथून ऑर्नामेंटल ड्राइव्ह, ब्लॅकवॉटरला डबा खायचा, पुढे जमलं तर बोल्डरवुड. ऑर्नामेंटल ड्राइव्ह हा डांबरी रस्ता आहे, गाड्या येतात पण हळू येतात, आणि दोन्ही बाजूंची झाडं १८५९ मध्ये लावलेली, डग्लस फर, रेडवुड वगैरे. ब्लॅकवॉटरजवळ वेलिंगटोनियाची (हा रेडवुडचाच एक प्रचंड प्रकार) एक जोडी आहे, ५० मीटरच्या आसपास उंच, तिथे सायकली कुलूप लावून ठेवल्या आणि पायी गेलो कारण ती वाट चालणाऱ्यांसाठी आहे. त्या खोडाची साल हाताला कापसासारखी मऊ लागते, आई कितीतरी वेळ नुसती हात लावून उभी होती. बोल्डरवुडला हरणं बघायला लाकडी माचा आहे, पण तिकडे जाताना ए-३५ हा मोठा रस्ता ओलांडावा लागतो, लहान मुलं असतील तर उतरून, ढकलत, दोन्हीकडे बघून जा. आम्ही तसंच केलं.

घोड्यांबद्दल लिहिलं नाही तर काहीच लिहिलं नाही. हे पोनी मोकळे फिरतात, गावात सुद्धा, दुकानासमोर, रस्त्याच्या मधोमध, सोबत गाढवं आणि गाई. पण ते जंगली नाहीत, प्रत्येकाला मालक आहे. इथे कॉमनर म्हणतात त्या लोकांना जनावरं जंगलात चरायला सोडायचा जुना हक्क आहे, त्याची वर्षाची फी भरली की पोनीच्या शेपटीचे केस विशिष्ट पद्धतीने कापतात आणि त्या कापावरून कळतं की हा कुठल्या भागातला. सायकल चालवताना हे बघत जायला फार मजा येते, एकदा कळलं की डोळे आपोआप शेपटीकडेच जातात. शरद ऋतूत डुकरंही सोडतात, कारण ओकची हिरवी फळं घोड्यांना आणि गाईंना विषारी असतात आणि डुकरं ती आवडीने खातात. इतकी सरळ, शहाणी व्यवस्था इतकी शतकं टिकली याचं मला मनापासून कौतुक वाटतं. विल्यम द कॉन्करर राजाने १०७९ मध्ये हे शिकारीसाठी राखीव केलं, तेव्हापासून नाव 'न्यू'.

पोनींना खायला घालू नका, हात लावू नका. २०२३ पासून त्याला दंड आहे, आणि दंड नसता तरी नकोच, कारण खाण्याच्या आशेने ते रस्त्यावर येतात आणि गाडीखाली जातात. कुंपण नसलेल्या रस्त्यांवर ताशी ४० मैलांची मर्यादा त्यांच्यासाठीच आहे. सायकल पोनीजवळ आली की घंटी वाजवू नका, वेग कमी करून लांबून जा, पिल्लू सोबत असेल तर आणखी लांबून.

परत येताना वेळ होता म्हणून सेंट निकोलस चर्चला गेलो, आणि हे कुणी सांगितलं नसतं तर आम्ही गेलोच नसतो, दुकानातल्या माणसानेच आई भारतातून आलीये म्हटल्यावर सांगितलं. पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांसाठी या गावात हॉस्पिटल होतं, लेडी हार्डिंगच्या (व्हाइसरॉय हार्डिंगच्या पत्नीच्या) नावाचं, आणि गावात आजही मीरत, म्हणजे आपलं मेरठ, त्या नावाचा रोड आहे. नंतर तिथे न्यूझीलंडच्या सैनिकांचं हॉस्पिटल झालं, त्यांच्या ९३ कबरी चर्चच्या आवारात आहेत, आणि काही भारतीयांच्याही. आईचे वडील फौजेत होते. ती तिथे बराच वेळ बसली. एका सायकल दुकानाकडून एवढी आपुलकी मिळेल असं मी धरून चाललो नव्हतो, आणि माझ्यासाठी या सर्व्हिसची खरी किंमत यात आहे, नुसतं वाहन हातात देऊन मोकळे होत नाहीत, कोण आलंय ते बघून वाट सांगतात.

तक्रारी दोनच. मॅपची एक वर लिहिलीच आहे, आणि दुसरी म्हणजे साध्या सायकलींच्या सीट कडक आहेत, बायकोला दुपारनंतर त्रास झाला, जेलचं कव्हर मागितलं तर मिळतं पण आपणहून देत नाहीत, तेव्हा मागा.

कधी जावं तर ऑगस्टमध्ये, हीथ जांभळा होतो तेव्हा. गर्दी असते पण ती बहुतेक गावात आणि पार्किंगच्या आसपास, आत ट्रॅकवर विरळ होते. शाळेच्या सुट्ट्यांत ई-बाईक आणि मुलांच्या सायकली लवकर संपतात, आधी बुक करा, प्रत्येकाची उंची बुकिंगमध्येच कळवा. पाय झाकणारे कपडे घाला, गवतात गोचीड असते आणि त्यातून लाइम आजार होऊ शकतो, घरी आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग नीट तपासा. रेसिंगवाल्यांनी, दिवसात साठ-सत्तर मैल मारणाऱ्यांनी इथे येऊ नये, खडीवर वेग मिळत नाही. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर फक्त ब्लॅकवॉटरपर्यंत जाऊन परत या, डबा आणि पाणी घरून न्या, सायकल परत करायची वेळ सकाळीच विचारून ठेवा आणि परतीची ट्रेन त्यानंतर निदान एक तासाने पकडा.