शंभर वर्षांचं जाकीट आणि पॉलिस्टरचा दोरा

४८,००० येन गेले. आपल्याकडचे साधारण सव्वीस-सत्तावीस हजार रुपये. पैशांचं दुःख आहेच, पण जास्त राग स्वतःचाच येतो, कारण कापडातलं मला अगदीच कळत नाही असं नाही. पुण्यात असताना पैठणीचा पदर उलटा करून पाहिल्याशिवाय मी दुकानातून उठत नसे. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही तशीच दिसते, यंत्रावरच्या पैठणीला मागे दोरे लोंबतात, हे आईनं लहानपणीच शिकवलेलं. आणि इथे तोक्योत बसून मी एक जाकीट निव्वळ फोटो बघून घेतलं. तेही पुढच्या बाजूचे फोटो.

आम्ही निशि-कासाईला राहतो. घरी शिवणयंत्र आहे, जुन्या किमोनोच्या कापडाच्या पिशव्या, बिनबाह्यांची जाकिटं असं काहीबाही मी शिवत असते. त्यामुळे मोबाइलवर सारखं तेच दिसतं. तसंच एक दिवस ते दिसलं: निळीत रंगवलेलं, ठिगळांनी भरलेलं ‘बोरो’ जाकीट. खाली लिहिलं होतं: कापड मीजी काळातलं, म्हणजे १९१२ च्या आधीचं. शिवणारी उत्तर जपानातल्या आओमोरीच्या एका खेड्यातली ब्याऐंशी वर्षांची आजी, आईकडून शिकलेली, तिच्यानंतर ही कला बंद. सोबत आजीचा फोटो, सुरकुतलेले हात, मांडीवर निळं कापड.

मी विरघळले. माझी आजीसुद्धा गोधड्या शिवायची.

बोरो म्हणजे तरी दुसरं काय? उत्तर जपानातल्या थंडीत कापूस पिकत नसे. शेतकरी अंबाडीसारख्या धाग्याचं कापड वापरत, आणि जहाजांतून उत्तरेकडे येणाऱ्या जुन्या सुती चिंध्या जपून ठेवत. एकावर एक थर, वर धावदोरा. तीन-तीन पिढ्या तोच कपडा. तेव्हा ते गरिबीचं लक्षण होतं, लोक लपवून ठेवत. च्यूझाबुरो तानाका (१९३३–२०१३) या आओमोरीच्या संग्राहकानं असले कपडे गोळा केले. तोक्योतल्या असाकुसाच्या एका संग्रहालयात ते २०१९ पर्यंत बघायला मिळत, हात लावूनसुद्धा. मी हात लावला होता. म्हणजे अस्सल बोरो कसा लागतो हे माझ्या बोटांना माहीत होतं, आणि तरीही. आता चांगल्या अस्सल कपड्याला लाखांत येन मोजणारे लोक आहेत. लपवायची चिंधी इतकी महाग झाली की तिची नक्कल होणारच.

पार्सल आलं. पहिला वास चहाचा आला. जुन्या कापडाला ट्रंकेचा, धुराचा, दमट असा एक वास असतो, तो नाही. नवरा म्हणाला, ‘धुऊन पाठवलं असेल.’ मीही मान डोलावली.

पुढच्या रविवारी जाकीट घेऊन युराकुचोला गेले. तिथे महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. जुनं कापड विकणारे एक आजोबा ओळखीचे आहेत. त्यांनी जाकीट पुढून पाहिलंच नाही. सरळ आतून-बाहेर केलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि दातांतून श्वास ओढत म्हणाले, ‘ओकुसान, हे... चोत्तो...’ ओकुसान म्हणजे बाईसाहेब, चोत्तो म्हणजे ‘जरा’. जपानात कोणी ‘चोत्तो’ म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की समजावं, निकाल लागला.

पाठीला मधोमध शिवण नव्हती. जुनं जपानी कापड अरुंद पन्ह्याचं, जेमतेम ३६ ते ३८ सेंटीमीटर. एका ठाणात एक किमोनो, ठाण साधारण १२ मीटर लांब. त्या पन्ह्यात मोठ्या माणसाची पाठ मावतच नाही, म्हणून दोन पट्ट्या जोडाव्या लागतात आणि शिवण बरोबर कण्यावर येते. माझ्या जाकिटाची पाठ अखंड होती, काठापासून काठापर्यंत साठ सेंटीमीटर. मी जुन्या किमोनोचं कापड रोज हाताळते. हे मला कळायला नको होतं का?

मग त्यांनी एका ठिगळाचा कोपरा नखानं उचलून दाखवला. खरं ठिगळ वर्षानुवर्षं बसलेलं असतं, त्यामुळे त्याखालचं कापड उन्हापासून, धुण्यापासून वाचून गडद राहतं. इथे आत-बाहेर एकच फिका निळा. म्हणजे आधी कापड फिकं केलं, मग वर ठिगळं चिकटवली. आणि ठिगळं होती कुठे? छातीवर, खिशाभोवती, छान दिसतील तिथे. कोपर आणि खांदे कोरे. आजीच्या गोधडीवर ठिगळ पडायचं ते जिथे टाच घासते तिथे, शोभेला नाही. टाकेही मागून-पुढून मोजून मापून एकसारखे. हातानं घातलेला टाका इतका शिस्तीत राहत नाही.

घरी येऊन एक दोरा ओढून काडी लावली. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. हा वितळून काळा कडक मणी झाला. पॉलिस्टर. जपानात पॉलिस्टर ‘टेटोरॉन’ नावानं बाजारात आलं ते १९५८ मध्ये.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर अत्यंत नम्र: नंतरच्या काळातली दुरुस्ती असेल. बरं, दोरा नंतरचा. पण पाठ? पाठीचं विचारल्यावर दोन दिवस शांतता, आणि तिसऱ्या दिवशी दुकानच गायब. मग मी आजीबाईंचा फोटो इंटरनेटवर शोधला, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्याच आजीबाई आणखी एका ठिकाणी लोकरीचे मोजे विणत होत्या. वेगळा देश, वेगळं नाव, तेच हात.

१८८ वर फोन केला. ही इथली ग्राहक तक्रारीची सरकारी लाइन. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं: दुकानाच्या पानावर नाव, पत्ता, फोन होता का? ऑनलाइन विकणाऱ्याला तो द्यावाच लागतो. जुना माल विकण्याच्या परवान्याचा बारा आकडी क्रमांक होता का? पैसे कोणत्या खात्यात भरले? नाही, नाही, आणि एका व्यक्तीच्या नावच्या खात्यात, जे नाव दुकानाचं नव्हतं. बाईंनी हेही सांगितलं की ऑनलाइन खरेदीला ‘कूलिंग ऑफ’, म्हणजे ठरावीक दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करायची सोय, लागू नाही. दुकानानं परतीचा नियम लिहिलेलाच नसेल तर ८ दिवसांत आपल्या खर्चानं वस्तू परत करता येते. माझ्या विक्रेत्यानं मात्र ठळक लिहिलं होतं, जुना माल परत घेतला जाणार नाही. खोटा माल खरा म्हणून विकला तर दाद मागता येते, पण त्यासाठी माणूस सापडावा लागतो.

तुम्ही इथून किंवा भारतातून असलं काही मागवणार असाल तर आतल्या बाजूचा, पाठीचा आणि काठाचा फोटो मागा. कापड किती रुंद आहे ते विचारा. ज्याच्याकडे खरा माल आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही; युराकुचोचे आजोबा तर अर्धा तास थांबवून सांगत बसतात. आणि खरोखर हातानं शिवणाऱ्या बायका आहेत, फक्त त्या ‘हे कापड नवं आहे, टाके माझे आहेत’ असं सरळ सांगतात.

जाकीट दुसऱ्याला द्यायला मन होईना. गेल्या आठवड्यात उसवायला घेतलं. कॉलरच्या आत, दोन थरांच्या मध्ये, अर्धवट कापलेलं एक पांढरं लेबल निघालं. त्यावर इस्त्रीचं चिन्ह होतं.