छोटी प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, ऍडमिशनचा अनुभव (५ पैकी ३)

भाचीच्या बीबीएसाठी गेलो होतो, नागपूरच्या बाहेरच आहे, नाव नाही लिहत. फॉर्म ऑनलाइन, पण फोटो अपलोडच होईना, ५० केबीच्या आत पाहिजे म्हणे, शेवटी नागपुरात सीताबर्डीवर सायबर कॅफेवाल्याकडून करून घेतला. काउंसिलरचे फोन मात्र दिवसातून चार चार, "सर सीटा भरून राहिल्या, आजच बुक करा". प्रत्यक्ष गेलो तर अर्धा हॉल रिकामा बाप्पा!

खरी गंमत काउंटरवर. मॅडमनं टीसी अन् बारावीची मार्कशीट ओरिजनल घेतली अन् सरळ फाइलीत पंच करून टाकली. म्हटलं मॅडम, यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम आहे, ओरिजनल मार्कशीट फक्त पाहून परत द्यायची असते, ठेवता येत नाही. "आमच्याकडं असंच चालते." मग रजिस्ट्रारच्या केबिनबाहेर दीड तास बसलो तेव्हा मार्कशीट परत मिळाली, दोन भोकांसहित. प्रॉस्पेक्टसचे पैसेही मागत होते, तोही घेणं कंपल्सरी नसते, आम्ही नाही घेतला.

बाकी क्लासमध्ये पोरं कमी, सर लोक बोलायला चांगले, कॅन्टीनचं तर्री पोहा झकास. ओरिजनलसोबत झेरॉक्सचे दोन सेट न्या, तिथलं मशीन बंद होतं.