कॅपिस्ट्रानो का डिप्लॉयर? फक्त होस्ट कॉन्फिगच्या बाजूने बघितलं तर

कॅपिस्ट्रानो (रूबीतलं) आणि डिप्लॉयर (पीएचपीतलं) ही दोन्ही आपला कोड सर्व्हरवर चढवायची, म्हणजे डिप्लॉय करायची टूल्स. रिलीजेसचं फोल्डर, करंटची सिमलिंक (चालू रिलीजकडे नेणारा दुवा), रोलबॅक (मागच्या रिलीजवर परत जाणं) हे दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे, त्यावरून काही ठरणार नाही. मी रेल्ससाठी (रूबीची फ्रेमवर्क) कॅपिस्ट्रानो आणि लारावेलसाठी (पीएचपीची फ्रेमवर्क) डिप्लॉयर अशी दोन्ही टूल्स वापरलीयेत आणि मला तरी खरा फरक जाणवला तो रिमोट होस्ट (पलीकडचे सर्व्हर) कॉन्फिगमध्ये लिहायचे कसे आणि टूल तिथपर्यंत पोचतं कसं, यात.

नुसतं लिहिण्यापुरतं बघितलं तर कॅपिस्ट्रानो छान आहे. स्टेजिंगची (चाचणीच्या सर्व्हरची) फाइल वेगळी, प्रॉडक्शनची (खऱ्या सर्व्हरची) वेगळी, आत सर्व्हरची एक ओळ, युजर आणि रोल (त्या मशीनचं काम काय ते). टीममध्ये नवीन आलेल्याला ती फाइल उघडून दाखवली की कुठल्या मशीनवर काय चालतं ते लगेच कळतं. डिप्लॉयरमध्ये होस्ट रेसिपीच्या (डिप्लॉयच्या पायऱ्या लिहिलेल्या) पीएचपी फाइलमध्येच नाहीतर वेगळ्या यामल फाइलमध्ये, आणि आवृत्ती ७ पासून स्टेज (स्टेजिंग की प्रॉडक्शन ते सांगणारा) हा प्रकार गेला, आता होस्टला लेबलं लावायची आणि कमांड देताना त्यावरून निवडायचं. ६ वरून ७ वर जाताना होस्टचा भाग बऱ्यापैकी परत लिहावा लागतो, ते कटकटीचंच काम आहे.

पण माझा कौल फिरला तो एसएसएचपाशी, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या पद्धतीपाशी. कॅपिस्ट्रानो तुमच्या मशीनवरचं एसएसएच वापरत नाही, त्याच्या पोटात रूबीची नेट-एसएसएच नावाची लायब्ररी आहे. ती एसएसएचची कॉन्फिग फाइल वाचते, पण त्यातलं सगळंच तिला कळतं असं नाही. ईडी २५५१९ ची (नव्या प्रकारची) की असेल तर दोन जेम (रूबीच्या लायब्ररी) वेगळी टाकावी लागतात, आणि ओपनएसएसएचच्या ८.८ पासून (२०२१) शा-१ वाल्या (जुन्या, कमकुवत पद्धतीच्या) आरएसए सह्या बाय डीफॉल्ट बंद झाल्या तेव्हा जुनी नेट-एसएसएच उबुंटू २२.०४ वर आरएसए कीने लॉगिनच करू शकत नव्हती. आमच्या एका क्लायंटने सर्व्हर उबुंटू २२.०४ वर नेला तेव्हा हेच झालं, टर्मिनलमध्ये एसएसएच केलं की झटक्यात आत, तीच की, तोच युजर, आणि शेजारच्या खिडकीत कॅपिस्ट्रानो म्हणतंय ऑथेंटिकेशन फेल्ड. अशा वेळी माणूस सर्व्हरवर परवानग्या तपासत बसतो, ऑथराइज्ड कीज (लॉगिनला परवानगी असलेल्या कीजची यादी) परत टाकतो, आणि दोष तिथे नसतोच. लायब्ररी ७ वर नेली की सुटतं, पण जुनं रूबी आणि जुन्या आवृत्त्यांवर अडकून बसलेली जेमफाइल (जेमची यादी) असेल तर तेही एका ओळीचं काम राहत नाही.

डिप्लॉयर सरळ सिस्टिमचंच एसएसएच चालवतं. बॅस्टियनमागचा (मधल्या सर्व्हरमधूनच पोचता येतं असा) होस्ट, वेगळा पोर्ट, वेगळी की, प्रॉक्सीजंप (मधल्या सर्व्हरमधून जायची सेटिंग) हे सगळं मी एकदाच एसएसएच कॉन्फिगमध्ये एका टोपणनावाखाली लिहितो, आणि डिप्लॉयरला फक्त ते टोपणनाव आणि डिप्लॉय पाथ देतो. टर्मिनलमध्ये लागलं म्हणजे माझ्या अनुभवात डिप्लॉयरमध्येही लागतंच, आणि नाही लागलं तर तीच एसएसएच कमांड व्हर्बोज करून (सविस्तर संदेश चालू करून) बघता येते.

रेल्सचं चालू प्रोजेक्ट असेल आणि कॅपिस्ट्रानो नीट चालत असेल तर उगाच हलवू नका, रोलची सवय झालेली टीम असेल तर अजिबातच नको. पण पीएचपीचं नवीन काम असेल, सर्व्हर तीन-चार क्लायंटचे, त्यातले निम्मे बॅस्टियनमागे, तर मी तरी डिप्लॉयरच घेईन. फक्त सीआयवरून (आपोआप बिल्ड आणि डिप्लॉय करणाऱ्या सेवेवरून) डिप्लॉय करणार असाल तर तिथल्या रनरवर (काम चालवणाऱ्या मशीनवर) तुमची एसएसएच कॉन्फिग नसते, ती आणि नोन होस्ट्सची (ओळखीच्या सर्व्हरची) फाइल आधीच्या स्टेपमध्ये तिथे ठेवायची, मग टोपणनाव तिथेही चालतं.