एक खेळाडू, तीन संघ, तीन वाहिन्या: एनएचएलच्या प्रक्षेपणसेवेचे परीक्षण

मिको रँटानेन हा फिनलंडचा आघाडीपटू माझ्या विशेष आवडीचा असल्यामुळे २०२४-२५ चा एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगचा हंगाम मी एखाद्या संघाचा नव्हे, तर त्याचा माग काढत पाहिला. २४ जानेवारी २०२५ रोजी कोलोरॅडो ॲव्हलांशने त्याला कॅरोलायना हरिकेन्सकडे पाठवले आणि सहा आठवडे होतात न होतात तोच, ७ मार्चला, म्हणजे संघांमधील खेळाडूंच्या अदलाबदलीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो डॅलस स्टार्सचा झाला. अमेरिकेत आइस हॉकी दूरचित्रवाणीवर पाहण्याची सध्याची व्यवस्था कशी आहे, हे समजून घ्यायला याहून चांगली परीक्षा मिळाली नसती.

कारण या तीन संघांच्या स्थानिक प्रक्षेपणाच्या तीन निरनिराळ्या तऱ्हा होत्या. कोलोरॅडोचे सामने अल्टिट्यूड या वाहिनीवर, कॅरोलायनाचे फॅनड्युएल स्पोर्ट्स नेटवर्कवर, तर डॅलसचे व्हिक्टरी प्लस या नव्या सेवेवर दाखवले जात होते आणि ही शेवटची सेवा संघाच्या परिसरातील प्रेक्षकांसाठी चक्क मोफत होती. मी तिन्ही संघांच्या क्षेत्रांबाहेर राहत असल्याने ईएसपीएन प्लस या इंटरनेटवरील सेवेच्या एका वर्गणीत मला रँटानेनचे बहुतेक सामने पाहता आले. चित्र स्वच्छ, आवाज नीट आणि हुकलेला सामना दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून पाहण्याची सोय, एवढे सगळे त्या वर्गणीत मिळाले. दुखणे आहे ते वेगळेच. आपल्याच शहरातल्या संघावर जीव असणाऱ्याला तोच सामना या वर्गणीत दिसत नाही. स्थानिक हक्क दुसऱ्याकडे असल्यामुळे त्याच्यापुढे तेवढा एक सामना बंद ठेवला जातो. हजार मैलांवरच्या प्रेक्षकाला जे सहज मिळते, ते मैदानापासून दोन रस्ते पलीकडे राहणाऱ्याला मिळू नये, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते.

राष्ट्रीय प्रक्षेपणाबाबत मात्र माझे मत बरेच अनुकूल आहे. एनबीसीचा करार २०२१ मध्ये संपल्यावर लीगने सात वर्षांसाठी दोन भागीदार निवडले. त्यांपैकी ईएसपीएन २००४ नंतर प्रथमच हॉकीकडे परतले, तर टीएनटी वाहिनी चालवणारे टर्नर या लीगच्या राष्ट्रीय प्रक्षेपणात नवे होते. लीगच्या विजेतेपदाच्या स्टॅनले चषकाची अंतिम फेरी या दोघांकडे आलटून पालटून येते. टीएनटीच्या स्टुडिओतल्या गप्पांत जी मोकळीक आहे, ती मला ईएसपीएनच्या आटोपशीर, काहीशा घाईच्या मांडणीपेक्षा अधिक भावते. तिथे पहिल्याच हंगामात या खेळातले महान खेळाडू वेन ग्रेट्झकी येऊन बसले, हेही मला फार अर्थपूर्ण वाटले. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनने त्यांना लॉस एंजेलिसला दिले, तेव्हा बदल्यात खेळाडू आणि पहिल्या फेरीतील तीन निवडहक्क (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत खेळाडू घेण्याचे हक्क) तर मिळालेच, शिवाय दीड कोटी डॉलर रोख मिळाले. पुढच्या पाच वर्षांत सॅन होजे, टँपा बे, ॲनाहाइम, मायामी आणि डॅलस अशा उबदार हवेच्या ठिकाणी हॉकीचे संघ उभे राहिले. दूरचित्रवाणीला या खेळाचा जो विस्तीर्ण नकाशा हवा होता, त्याची पहिली रेघ त्या अदलाबदलीने ओढली, असे मी मानतो.

अदलाबदलीच्या दिवसाचे थेट कार्यक्रम पाहावेत ते कॅनडाच्या वाहिन्यांवर. टीएसएन आणि स्पोर्ट्सनेट त्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवतात. ७ मार्चला दुपारी तीनची मुदत उलटल्यानंतर ब्रॅड मार्शांड बॉस्टनहून फ्लोरिडाला गेल्याची बातमी आली. बॉस्टनला मिळालेला दुसऱ्या फेरीचा निवडहक्क, फ्लोरिडाने बाद फेरीचे दोन टप्पे जिंकले आणि मार्शांड त्यांतले निम्मे सामने खेळला, तर पहिल्या फेरीचा होणार होता. अशी अट नुसती वाचून दाखवणे आणि ती दोन्ही संघ का मान्य करतात हे उलगडून सांगणे, यात फार अंतर आहे. संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, जुन्या संघाने उचललेला पगाराचा वाटा, मध्ये आणलेला तिसरा संघ, हे समजल्याखेरीज अदलाबदल म्हणजे नावांची यादीच राहते. अमेरिकी वाहिन्यांनी या बाबतीत कॅनडाकडून शिकावे.

स्थानिक वाहिन्यांची घडी तर विस्कटलेलीच आहे. लोक केबल सोडू लागल्याने बॅली स्पोर्ट्स या स्थानिक वाहिन्यांची मालक कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. त्यानंतर व्हेगास आणि पुढे फ्लोरिडा या संघांनी साध्या अँटेनावर दिसणाऱ्या वाहिन्यांचा रस्ता धरला. मला हा बदल शंभर टक्के स्वागतार्ह वाटतो. कॅनडात मात्र स्पोर्ट्सनेटची मालक कंपनी रॉजर्सने २०२६-२७ पासूनच्या बारा वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांसाठी अकरा अब्ज कॅनेडियन डॉलर मोजले आहेत; आधीच्या बारा वर्षांच्या कराराच्या हे दुपटीहून अधिक आहे आणि त्याचा भार वर्गणीवर पडेल, अशी धास्ती मला वाटते.

३ मे २०२५ च्या रात्री डॅलस आणि कोलोरॅडो बाद फेरीच्या पहिल्या टप्प्याच्या सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यात समोरासमोर होते. डॅलस दोन गोलांनी मागे असताना, तिसऱ्या सत्रात रँटानेनने आपल्या जुन्या संघावर तीन गोल केले. दुसऱ्या गोलाच्या वेळी तो जाळीमागून वळसा घालून आला आणि त्याने मारलेली चकती कोलोरॅडोच्याच बचावपटूच्या स्केटला लागून आत गेली. डॅलसने सामना ४-२ असा जिंकला.

खेळाडूच्या मागे जाणाऱ्याने, किंवा आवडता संघ दूरच्या शहरात असणाऱ्याने, ईएसपीएन प्लससारख्या राष्ट्रीय सेवेची वर्गणी निःशंक घ्यावी. स्थानिक संघाच्या चाहत्याने पैसे भरण्याआधी आपल्या पत्त्यावर कोणते सामने बंद आहेत, हे तपासून घ्यावे आणि संघाचे सामने अँटेनावर किंवा मोफत सेवेवर दिसत असतील, तर आधी तेच पाहावेत.