पाटी, चॅसी, इंजिन की रंग? युद्धकालीन ट्रकचं मूळ ठरवताना कशावर भरवसा ठेवावा

दुसऱ्या महायुद्धातला, नव्याने उभा केलेला ट्रक समोर असतो. डॅशबोर्डवरची पाटी एक सांगते, इंजिन दुसरंच, बॉनेटवर रंगवलेला क्रमांक तिसरंच. यात दर वेळी कुणाची लबाडी असतेच असं नाही. युद्ध चालू असतानाच सैन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं, केबिन, एक्सेल (चाकांचे आस) बदलले जात होते आणि युद्धानंतर तर हजारो गाड्यांची पुनर्बांधणी झाली. म्हणून आधी दोन प्रश्न वेगळे करा. गाडी कुणी, कधी बनवली? आणि ती कुठल्या सैन्यात राबली? प्रत्येक पुरावा दोन्हींना सारखंच उत्तर देत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी पाटी आणि चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) यांची तुलना करावी लागते. पाटीवर मॉडेल, वजन, कधी कधी सैन्याकडे सुपूर्द केल्याची तारीखही मिळते. वाचायला सोपी, पण बदलायलाही तितकीच सोपी: चार स्क्रू काढले की झालं. शिवाय नव्याने छापलेल्या कोऱ्या पाट्या मिळतात. चॅसीच्या लोखंडावर ठोकलेला क्रमांक शोधायला कष्ट पडतात, कारण प्रत्येक उत्पादकाची जागा वेगळी आणि वर रंगाचे थर. पण दोघांत वाद झाला तर माझं मत चॅसीच्या बाजूने. तिथेही आसपास ग्राइंडरचे ओरखडे, वेल्डिंगची रेघ किंवा वेड्यावाकड्या खोलीचे अंक दिसले, तर थांबा.

पाटीची परीक्षा घ्यायला मोजपट्टी पुरते. अमेरिकेच्या जीएमसी कंपनीच्या सीसीकेडब्ल्यू या अडीच टनी सैनिकी ट्रकचे दोन प्रकार होते: 352 चा व्हीलबेस 145 इंच, 353 चा 164 इंच. पुढच्या एक्सेलच्या मध्यापासून मागच्या दोन एक्सेलांच्या मधल्या बिंदूपर्यंत मोजा. पाटीवर 352 आणि पट्टीवर 164 आलं, तर पाटी दुसऱ्या गाडीची आहे किंवा चॅसीत बदल झाला आहे. केबिनवरून मात्र काही ठरवू नका. सुरुवातीला बंद आणि पुढे उघडी केबिन आली हे खरं, पण केबिन नटबोल्टांवर बसते.

कॅनडाच्या सीएमपी (कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न) ट्रकांमध्ये चेहरा आणखीच फसवा. फोर्ड आणि शेवरोले, दोघांनी एकाच नमुन्यावर गाड्या काढल्या. त्यातली 13 क्रमांकाची केबिन, जिची काच खालून आत झुकलेली असते, दोघांचीही. त्यामुळे लोक इंजिन बघून ठरवतात: साइड व्हॉल्व्हचं, दोन रांगांत आठ सिलिंडरचं व्ही-8 म्हणजे फोर्ड (239 घन इंच, 95 अश्वशक्ती), ओळीतलं सहा सिलिंडरचं म्हणजे शेवरोले (216 घन इंच, 85 अश्वशक्ती). खूण खरी आहे, पण इंजिन हा ट्रकमधला सर्वांत आधी बदलला जाणारा भाग. शेवरोलेच्या चॅसीत कुणीतरी नंतर व्ही-8 बसवलेलं असू शकतं, म्हणून चॅसीच्या क्रमांकाशी ताळा घातल्याशिवाय निकाल देऊ नये. त्यातच या गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतून परदेशी जात आणि तिथे जोडल्या जात, म्हणजे बनल्याचं ठिकाण आणि जुळवल्याचं ठिकाणही वेगळं असू शकतं.

इंजिनाचा खरा उपयोग तारखेसाठी होतो. जनरल मोटर्सच्या (जीएमसी आणि शेवरोले याच कंपनीचे) ओतकामावर, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागांवर, महिन्याचं इंग्रजी अक्षर (ए म्हणजे जानेवारी), दिवस आणि वर्षाचा शेवटचा अंक असतो. ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाची, तारीख गाडी सुपूर्द झाल्यानंतरची असेल, तर इंजिन नंतर बसवलेलं आहे, यात वाद नाही. तारीख आधीची आली म्हणून मात्र इंजिन मूळचंच असं सिद्ध होत नाही. वर्षाचा अंक 3 असेल तर तो 1943 चा की 1953 चा हेही तपासा, कारण सीसीकेडब्ल्यूमधलं जीएमसीचं 270 इंजिन युद्धानंतरही बनत राहिलं. एक्सेल त्याहून बोलके. सीसीकेडब्ल्यूला टिमकेन कंपनीचे मधोमध जोड असलेले ‘स्प्लिट’ किंवा जनरल मोटर्सचे गोल पोटाचे ‘बँजो’ एक्सेल येत. एकाच गाडीत दोन जाती दिसल्या, तर ती एकापेक्षा जास्त ट्रकांतून उभी राहिली आहे असं धरून चाला.

आता दुसरा प्रश्न, सैन्य कुठलं? बॉनेटवरचा क्रमांक मालकाने पुस्तकात बघून रंगवलेला असू शकतो, तरी त्याची सुसंगती तपासता येते. ब्रिटिश सैन्यात एक टन व त्यावरच्या लॉरीला ‘एल’, पंधरा हंड्रेडवेटच्या (म्हणजे पाऊण टनाच्या) ट्रकला ‘झेड’. कॅनडाच्या सैन्याच्या गाड्यांवर त्याआधी ‘सी’. मग पंधरा हंड्रेडवेटच्या गाडीवर ‘एल’ दिसला तर क्रमांक चुकीचा. अमेरिकेच्या अडीच टनी ट्रकचा क्रमांक 4 ने सुरू होतो.

पण सैन्याच्या बाबतीत मी रंगाच्या थरांना सर्वांत वर ठेवतो. पाटीच्या मागे, सीटखालच्या पेटीत, कंसांच्या आडोशाला जुना रंग टिकतो. बारीक सँडपेपर पाण्यात भिजवून नाण्याएवढी जागा हळूहळू घासा, एकेक वर्तुळ उघडं पडतं. खाली तपकिरी एससीसी 2 आणि वर हिरवट एससीसी 15 (ब्रिटिश सैन्याच्या ठरावीक रंगांचे क्रमांक) निघाला, तर गाडी ब्रिटिश रंगसंगतीत 1942 च्या सुमारास किंवा त्यानंतर होती आणि 1944 मध्ये किंवा त्यानंतर पुन्हा रंगवली गेली, असा अंदाज घट्ट होतो. वाळवंटी फिकट पिवळा मिळाला तर भूमध्य समुद्राकडचा माग घ्या.

याची अडचण एकच: चॅसी सँडब्लास्ट करून (वाळूच्या फवाऱ्याने घासून) घेतलेल्या गाडीवर हा पुरावा उरतच नाही. म्हणून दोन गाड्यांमध्ये निवड करायची असेल, आणि एक चकचकीत पण घासून कोरी केलेली, दुसरी गंजकी पण जुन्या रंगाची व अस्सल ठोकलेल्या क्रमांकाची असेल, तर इतिहासासाठी घेणाऱ्याने दुसरी घ्यावी. फक्त चालवायला हवी असेल तर पहिली चालेल, पण मग पाटीवरच्या तारखेसाठी जादा पैसे देऊ नयेत. कोणतीही घ्या, काम सुरू होण्याआधीचे फोटो मालकाकडे मागा. चॅसीच्या क्रमांकाचा आणि उघड्या एक्सेलांचा फोटो नसेल, तर बाकी सांगोवांगीची किंमत किमतीतून वजा करा.