पेटंटच्या नावाखाली डिझाईन रजिस्ट्रेशन गळ्यात मारलं, माझं कुलूप गेलं

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. २०२१ मध्ये मी एक हाय सिक्युरिटी सिलिंडर लॉक बनवलं. चावीने आतल्या पिना नुसत्या उचलून भागत नाही, ठराविक कोनात फिरल्याही पाहिजेत, मगच साईडबार, म्हणजे सिलिंडर अडवून धरणारी बाजूची पट्टी, आत सरकतो, ही आयडिया माझी नाही, अमेरिकेतल्या मेडेको या कुलूप कंपनीने ती पन्नासेक वर्षांपूर्वीच आणली. माझं स्वतःचं काय तर साईडबारमागची ३ मिमीची स्टीलची गोळी. कुणी बंप की, म्हणजे ठोकून कुलूप उघडायची खास कापलेली चावी, घालून ठोकलं की ती हादऱ्याने खाचेत पडायची आणि सिलिंडर जागच्या जागी जाम. त्या खाचेचा उतार जमवायला सात महिने गेले, जरा जास्त उतार झाला की कुलपाची खरी चावी लावतानाही गोळी पडायची.

ओळखीतून एक पेटंट कंसल्टंट मिळाला. गोड बोलायचा, दादा दादा करायचा. ६५ हजार घेतले. आतल्या भागांचं ड्रॉइंग देऊ का विचारलं तर म्हणाला नको, बाहेरून सगळ्या बाजूंचे फोटो पाठवा, बाकी मी बघतो. तिथेच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पाच-सहा महिन्यांत कोलकात्याहून सर्टिफिकेट आलं, अशोकस्तंभ, सही, सगळं. अभिनंदन दादा, पेटंट आलं, असा मेसेज केला त्याने. मी फ्रेम करून लावलं, आणि आता भीती नाही म्हणून प्रदर्शनात कुलूप कापून लोकांना गोळी दाखवली, डीलरच्या ग्रुपवर व्हिडिओसुद्धा टाकला.

२०२४ मध्ये एका डीलरने दुसऱ्या कंपनीचं कुलूप आणून दिलं. बॉडी वेगळी, चावीचं डोकं वेगळं, पण कापून बघितलं तर आत तीच गोळी, तीच खाच, उतारसुद्धा तोच. हात थरथरत होते माझे.

वकिलांकडे गेलो तर त्यांनी सर्टिफिकेट हातात घेऊन सरळ विचारलं, पेटंट कुठंय? वर डिझाईन्स अ‍ॅक्ट २००० लिहिलेलं, क्लास ०८-०७, म्हणजे कुलपांसारख्या वस्तूंचा वर्ग. आणि फोटोंच्या पानावर खाली बारीक अक्षरात, की या रजिस्ट्रेशनमुळे यंत्रणेच्या कामावर किंवा बांधणीच्या तत्त्वावर कसलाही हक्क सांगता येणार नाही. दोन वर्षं ते पान माझ्या कपाटात होतं! डिझाईन म्हणजे फक्त दिसणं, आकार, नक्षी. कुलपाची खरी किंमत आत असते आणि आतलं काम डिझाईनमध्ये बसतच नाही. वकिलांनी अमेरिकेतली १९९६ ची बेस्ट लॉक या कुलूप कंपनीची केस सांगितली, त्यांनी चावीच्या पात्याच्या आकारावर डिझाईन पेटंट, म्हणजे आपल्या डिझाईन रजिस्ट्रेशनसारखंच, घेतलं होतं, कोर्टाने रद्द केलं, कारण तो आकार कुलपात बसण्यासाठीच तसा होता, शोभेसाठी नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचं टिकलं नाही तिथे माझं काय.

आता पेटंट टाकू म्हटलं तर तेही नाही, कारण मीच सगळ्यांना उघडून दाखवलेलं, नवेपणा गेला. सरकारने नोटिफाय केलेल्या प्रदर्शनाला १२ महिन्यांची सूट असते, माझं तसलं नव्हतं आणि मुदतही कधीच उलटलेली. डिझाईनची सरकारी फी एकट्या माणसाला फक्त १ हजार रुपये आहे हेही तेव्हाच कळलं. कंसल्टंट रजिस्टर्ड पेटंट एजंटसुद्धा नव्हता, ती यादी पेटंट ऑफिसच्या साईटवर कुणालाही बघता येते, मी बघितली नाही.

कृपा करून कुणी असं सर्टिफिकेट दिलं असेल तर आज बाहेर काढा आणि त्यावर पेटंट्स अ‍ॅक्ट १९७० आहे का बघा. पेटंटसाठी शोधाचं लेखी वर्णन लागतं, आतलं काम कसं चालतं ते शब्दांत. नुसते फोटो मागणारा माणूस पेटंट टाकत नाहीये. घाई असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, टाका, पण १२ महिन्यांत कम्प्लीट, म्हणजे पूर्ण वर्णन, गेलं नाही तर तेही बाद.

पोलिसात तक्रार दिलीय, कंसल्टंटचा फोन बंद आहे. गोळीवाल्या कुलपाची डाय अजून रॅकवर आहे, त्याच्यापुढचं नवीन लॉक मात्र अजून कुणालाच दाखवलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही, प्रोव्हिजनलचा नंबर हातात येईपर्यंत दाखवणारही नाही.